धातूचे मोल आणि घडणावळ

कॉस्टिंगच्या पुस्तकात ‘प्रत्यक्ष माल’ आणि ‘प्रत्यक्ष मजुरी’ असे दोन रकाने असतात. त्यांचा अर्थ मला मामांच्या दुकानात उमगला. मामा देवांची चांदीची कवचे घडवतात; त्यांची वही मी लिहितो. पत्रा राळेवर बसवायचा, मागून ठोकून उठाव आणायचा, पुढून बारीक रेघा काढायच्या. ठोकून कडक झालेला पत्रा तापवून पुन्हा मऊ करायचा.

युरोपातील शोभेची चिलखतेही अशीच ठोकून घडवीत. मिलानच्या फिलिप्पो नेग्रोलीने १५४३ साली घडवलेले शिरस्त्राण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पोलादाच्या एकाच पत्र्यातून त्याने जलपरी आणि तिच्या हातातील मेड्युसाचे मस्तक उठवले. पोलाद चांदीसारखे सहज नमत नाही. वजन दोन किलोच्या आत. तेवढ्या पोलादाची किंमत ती काय? मोल सारे घडणावळीचे!

कवच मोडीत घातले तर चांदी परत मिळते, घडणावळ बुडते. म्हणून गिऱ्हाईक चांदीचा भाव मुकाट्याने देते आणि ‘कूली जास्ती आय्तु’ म्हणत मजुरीवर घासाघीस करते. परवा अठरा दिवसांच्या कामातले चार दिवसांचे पैसे मामांनी सोडले. मी वहीत ‘सूट’ लिहिले.

नेग्रोलीने शिरस्त्राणावर आपले नाव व साल कोरले आहे. मामांच्या कवचावर नाव नसते. मित्रहो, उद्या हिशेबाच्या वह्या आपल्याच हाती येणार आहेत. काटकसर करताना पहिली कात्री मजुरीच्या रकान्याला लावू नये, एवढे ध्यानात ठेवू या.