दावं सुटण्याआधी

बाबू, साकोलीकडची ती लाल घोडी तू शब्दावर ठरवलीस, असं तुझ्या मायनं फोनवर सांगितलं. कागद नाही म्हणून ती घाबरली आहे. मला कागदाचं तेवढं भय वाटत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात बैलजोड्या पिढ्यान्‌पिढ्या शब्दावरच एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात गेल्या, आणि माल विक्रीचा १९३० चा कायदाही तोंडी सौद्याला सौदाच मानतो. मला भय आहे ते तुम्ही दोघं काय बोलला नाहीत याचं. बैलबाजारात मी जी भांडणं पाहिली, त्यातली बहुतेक न बोललेल्या गोष्टींवरून पेटली.

माझंच ऐक. पोळा आठ दिवसांवर होता आणि मला जोडी हवीच होती. दलालानं दुपट्टा माझ्या हातावर टाकला आणि आत बोटं धरली. दोन बोटं दाबून म्हणाला, ‘हे हजार.’ मग पाचही बोटं एकदम धरून, ‘हे शेकडे.’ म्हणजे पंचवीसशे. मी मान हलवली. हात काढता काढता त्यानं माझा अंगठा हलकेच दाबला. मला वाटलं, सौदा पटल्याची खूण. तिकडे विकणाऱ्याला त्यानं सांगितलं, आणखी शंभर. पैसे मोजताना वाजलं. कासऱ्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या हातात, मध्ये बैल मुकाट उभे, आणि भोवती पन्नास माणसं. शेवटी पन्नासावर मिटलं, पण तो माणूस पुढे कधी माझ्याशी धड बोलला नाही. शंभर रुपयांसाठी एक चांगला शेतकरी मी गमावला, ते अजून सलतं.

तेव्हापासून दुपट्ट्याखाली काहीही ठरो, हात बाहेर आला की मी आकडा मोठ्यानं म्हणतो. इतके रुपये, दोन्ही बैलांचे, दाव्या-कासऱ्यासकट, दलाली अमक्याकडे. समोरच्याच्या तोंडून तेच पुन्हा म्हणवून घेतो, आणि ऐकायला त्याच्याच गावचा एक माणूस उभा करतो. आपल्या माणसाची साक्ष त्याचं गाव मानत नाही.

आता तू मायला काय म्हणालास? ‘साठ-पासष्टला ठरली.’ बाबू, साठ की पासष्ट? करार कायदा १८७२ चा आहे. त्यात समजावून सांगायला दिलेल्या दाखल्यांत घोडे पुष्कळ आहेत, आणि एक तर थेट तुझाच आहे. ‘माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजाराला देतो’ असं कोणी ठरवलं आणि दोन्हीपैकी किंमत कोणती हे कशावरूनही कळत नसेल, तर तो करारच रद्द. किंमत कमी म्हणून सौदा मोडत नाही. हजाराचा घोडा राजीखुशीनं दहा रुपयांना दिला तरी कायदा तो धरतो. मात्र किंमत एकच लागते. आणि खोगीर, लगाम, वरातीचा साज त्या किंमतीत आहे का, हे विचारलंस का? घोडी नेताना अंगावरची झूल काढून ठेवणारे लोक मी पाहिलेत.

इंग्लंडात १८६२ साली असाच एक खटला झाला. काका पुतण्याचा घोडा घेत होता. काकाला वाटलं तीस पौंडांना ठरला, पुतण्याला वाटलं तीस गिनींना. गिनी पौंडापेक्षा एक शिलिंगानं मोठी, तेवढ्यावरून घोळ. काकानं चिठ्ठी धाडली की फरक अर्धा-अर्धा करू, तुझं काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन. पुतण्यानं उत्तर दिलं नाही. त्याच्या मनात द्यायचं होतं, लिलाव करणाऱ्याला त्यानं ‘हा घोडा विकू नको’ असं सांगितलंही होतं. लिलाववाल्यानं तो चुकून विकला. काका कोर्टात गेला आणि हरला. पुतण्याचं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, असं कोर्ट म्हणालं. म्हणून घोडीवाला तुझ्या फोनवर नुसतं ‘बघू’ म्हणाला असेल, तर सौदा झाला असं धरून बँडवाल्यांना तारखा देऊ नकोस.

दुसरं गप्प राहणं खोडीचं. घोडं सदोष आहे हे ठाऊक असून लिलावात विकणारा काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नाही, असं आपल्या करार कायद्यात आहे. पण त्याखालीच एक चावी ठेवली आहे. घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडं चांगलं आहे असं मी धरतो’, आणि विकणारा गप्प राहिला, तर तेव्हा ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. हे वाक्य पाठ कर. चारचौघांत, घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हण. त्याचा चेहरा बघ.

आणि घोडी कशाला हवी ते उघड सांग. वरातीसाठी हवी, रात्री दिव्यांत, बँडपुढे, फटाक्यांत उभी राहायला हवी. घोड्यांचा धंदाच करणाऱ्याला काम सांगून, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलीस, तर त्या कामाला ती चालायची जबाबदारी त्याच्यावर येते. घरची एक घोडी विकणाऱ्या शेतकऱ्यावर ती तशी येत नाही. त्याच्याकडून बोलीच करून घे: फटाक्याला बुजली तर अमक्या तारखेपर्यंत परत. ती तारीख मात्र सांभाळ. मुदत उलटून घोडी तुझ्या दाराशी राहिली तर ती तुला पटली असंच धरतात.

सगळ्यात वाईट भांडण मी गावच्या तंटामुक्त समितीत ऐकलं. एकानं गोऱ्ह्याचा इसार दिला आणि धान निघाल्यावर नेतो म्हणाला. चौथ्या दिवशी विकणाऱ्याच्याच गोठ्यात गोऱ्ह्याला साप चावला. नुकसान कोणाचं? घेणारा म्हणे, मी तर नेलाच नव्हता. पण कायद्याची साधारण चाल अशी की ठरावीक, नेण्याजोगं जनावर सौदा पटला त्या क्षणीच घेणाऱ्याचं होतं, पैसे आणि दावं मागाहून गेले तरी. जोखीम मालकीबरोबर जाते. दोघंही गरीब, दोघंही खरं बोलत होते. ‘दावं सुटेपर्यंत जनावर तुझं’ हे एवढं इसार देताना कोणी म्हटलं असतं, तर कोणाला समितीपुढे डोळे पुसावे लागले नसते. तू इसार फोनवरूनच पाठवशील. पाठवताना खाली लिही: लाल घोडीचा इसार, एकूण किंमत इतकी. सौदा फिरला तर तो इसार कोणाचा, हेही तेव्हाच ठरव.

ग्लँडर्सची रक्ततपासणी झाली का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. तो रोग माणसालाही होतो आणि तुझ्या घरात लहान पोर आहे.

बुधवारी तू जाणार आहेस ना? मला घे. पहाटे निघू, आणि पोचतोय म्हणून फोन करू नकोस. काही लंगडणं चार फेऱ्या मारल्या की झाकलं जातं. घोडी थानावर थंड उभी असतानाच मला तिच्या पायांवरून हात फिरवायचा आहे, आणि मग डांबरी रस्त्यावर तिची पहिली वीस पावलं ऐकायची आहेत.