पदकाआधी कागद बघ

हे बघ, रागावू नकोस, पण एक सांगते. लिलावाच्या कॅटलॉगमधला तो फोटो पाठवलास ना, निळ्या मखमलीवर मांडलेली चार पदकं आणि खाली ओळ की दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकाची म्हणून? त्यावर लगेच बोली लावायला धावू नकोस. आधी त्यांना विचार, सोबत कागद काय काय आहेत. ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर ती पदकं कुणाचीही असू शकतात.

का ते सांगते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पदकाच्या कडेवर माणसाचा नंबर, हुद्दा, नाव कोरलं. दुसऱ्या महायुद्धाच्या मोहिमांसाठी जे तारे दिले, त्यांवर ब्रिटननं नावंच घातली नाहीत. ऑस्ट्रेलियानं आणि दक्षिण आफ्रिकेनं आपापल्या सैनिकांच्या पदकांवर घातली. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या घरांतून आजोबांची पदकं निघतात, त्यांतल्या बऱ्याच पदकांवर नंबर-नाव सापडतं, म्हणून आपल्याला वाटतं की पदक म्हणजे नाव असणारच. ब्रिटिश नौदलाच्या बाबतीत तसं धरून चालू नकोस. १९३९-४५ स्टार, अटलांटिक स्टार, वॉर मेडल, सगळी कोरी. सुटा स्टार तर लंडनमध्ये एक वेळ बाहेर जेवायला लागतात तेवढ्या पैशांत मिळतो. मग कुणीही चार तारे गोळा करायचे, जुन्या फिती लावायच्या, आणि एखाद्या हुतात्म्याचं नाव चिकटवून दहापट किंमत सांगायची. शौर्यपदकांतही फरक आहे. नौदलातल्या खालच्या हुद्द्यांना मिळणाऱ्या डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलच्या कडेवर नाव असतं. अधिकाऱ्यांच्या डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉसवर त्या काळात मागच्या बाजूला नुसतं साल कोरलेलं.

आता तुला एक खरी गोष्ट सांगते, म्हणजे मी कागद कागद का करते ते पटेल. १२ फेब्रुवारी १९४२. शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिन्झ ऑयगेन ही जर्मन जहाजं फ्रान्समधल्या ब्रेस्टहून निघून भर दिवसा इंग्लिश खाडीतून जर्मनीकडे चालली होती. त्यांच्यावर टॉर्पेडो टाकायला केंटमधल्या मॅन्स्टनच्या धावपट्टीवरून ८२५ स्क्वॉड्रनची सहा स्वोर्डफिश विमानं उडाली. स्वोर्डफिश म्हणजे दोन पंखांचं, कापड मढवलेलं, उघड्या कॉकपिटचं संथ विमान. सोबत लढाऊ विमानांच्या पाच स्क्वॉड्रन येणार होत्या, वेळेवर एकच पोहोचली. सहाच्या सहा विमानं पडली. विमानांत अठरा माणसं होती, पाच वाचली. नेता होता लेफ्टनंट कमांडर यूजीन एस्मंड, आयर्लंडमध्ये वाढलेला. आदल्याच दिवशी तो बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन आधीच्या पराक्रमाचं पदक घेऊन आला होता. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण माझं लक्ष जातं ते त्याच्याच विमानात मागे बसलेल्या क्लिंटनकडे. तो टेलिग्राफिस्ट एअर गनर, म्हणजे बिनतारी यंत्र आणि मशीनगन दोन्ही सांभाळणारा. नौदलात त्यांना ‘टॅग’ म्हणत. शेपटीकडच्या कापडानं पेट घेतला, तेव्हा हा गडी जागेवरून बाहेर आला, विमानाच्या पाठीवर घोड्यासारखी मांड टाकून शेपटीकडे सरकला, हातांनी आग विझवली आणि परत आपल्या बंदुकीशी येऊन बसला. वाचलेल्या सोबत्यांनी हे सांगितलं. थोड्या वेळात विमान समुद्रात गेलं.

मग त्याला काय मिळालं? त्या काळच्या ब्रिटिश नियमानं शत्रूसमोरच्या शौर्यासाठी मेलेल्या माणसाला दोनच गोष्टी देता येत. एक व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर डिस्पॅचमध्ये, म्हणजे वरिष्ठांच्या अधिकृत अहवालात, उल्लेख. मधलं काहीच नाही. हा नियम पुढे १९७९ मध्ये बदलला. म्हणून त्या दिवशी वाचलेल्या चार अधिकाऱ्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर आणि पाचव्या, टॅग असलेल्या बन्सला कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल मिळालं. क्लिंटनच्या वाट्याला आला तो उल्लेख. उल्लेखाची खूण म्हणजे वॉर मेडलच्या फितीवर टाचायचं ओकचं ब्राँझचं छोटं पान, नखाएवढ्या रुंदीचं. त्याच्यावरही नाव नाही. टेबलावर असा संच ठेवला आणि शेजारी मुंबईच्या चोर बाजारातून आणलेले तारे ठेवले, तर तुलाच काय, कुठल्याही जाणकाराला नुसतं बघून सांगता यायचं नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांच्या मागे धावू नकोस. त्यांना संग्रहालयं आहेत, धनाढ्य संग्राहक आहेत, चरित्रं आहेत. तू टॅगचे, साध्या ऑब्झर्व्हरचे म्हणजे विमानातल्या दिशादर्शकाचे, पहिल्या नेमणुकीवर गेलेल्या पोरांचे संच बघ, पण कागदांसकट असतील तरच. तिथे तुझ्या मेहनतीला अर्थ आहे, आणि खिशालाही झेपेल.

कागद म्हणजे काय काय, ते ऐक. पदकं टपालानं आली ती पुठ्ठ्याची छोटी खोकी. तिच्यावर आईचं, बापाचं किंवा बायकोचं नाव आणि पत्ता. ही खोकी फेकून देणारे व्यापारी मी पाहिलेत, आणि तीच तर पदकाला घराशी जोडते. आत अ‍ॅडमिरल्टीची, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याची, सांत्वनाची छापील चिठ्ठी असते. मग राजाच्या नावानं आलेलं स्मृतिपत्र, त्यात मृताचं नाव आणि हुद्दा. पहिल्या महायुद्धात घरोघर ब्राँझची नाव घातलेली मोठी थाळी पाठवली होती. दुसऱ्यात थाळी नाही, कागदच. खालच्या हुद्द्याचा असेल तर नौदलाचा सेवेचा दाखला बघ. उंची, केसांचा नि डोळ्यांचा रंग, गोंदण, कुठल्या जहाजावर कधी, वागणूक कशी, सगळं एका घडीच्या कागदावर. शेवटी ‘डीडी’ अशी दोन अक्षरं दिसली की समजायचं, नौदलानं मृत म्हणून नाव कमी केलं.

आणि उड्डाणवही मिळाली तर सोनंच. तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, सोबत कोण, काम काय, हवेत किती वेळ. महिनाअखेरीला स्क्वॉड्रनच्या प्रमुखाची सही. शेवटच्या पानावर नीट बघ. एके ठिकाणी अक्षर बदलतं, शाई बदलते, आणि त्या उड्डाणाची ओळ दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते.

आता पडताळणी. हे घरबसल्या जमतं, आळस करू नकोस. पहिलं, माणूस कधी गेला ती तारीख घे आणि ताऱ्यांशी ताडून बघ. फ्रान्स अँड जर्मनी स्टार ६ जून १९४४ नंतरच्या सेवेचा, इटली स्टार ११ जून १९४३ नंतरचा. १९४२ साली मेलेल्या माणसाच्या संचात यांतला एक जरी दिसला, तर गाशा गुंडाळ आणि ऊठ. दुसरं, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी फुकट बघता येतात. पुष्कळदा तिथे वय आणि आईवडिलांची नावंही असतात. ती खोकीवरच्या नावाशी जुळतात का बघ. तिसरं, शौर्याचा दावा असेल तर लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात शोध. चौथं, लंडनमधल्या क्यू इथलं नॅशनल अर्काइव्ह्ज. तिथे नौदलाच्या हवाई स्क्वॉड्रनची दप्तरं ‘एडीएम २०७’ या मालिकेत आहेत. वहीतली उड्डाणं त्यांच्याशी जुळवायची. एक ध्यानात ठेव, मे १९३९ पर्यंत फ्लीट एअर आर्म, म्हणजे नौदलाचं विमानदळ, हवाई दलाच्या ताब्यात होतं, त्या महिन्यात ते अ‍ॅडमिरल्टीकडे आलं. जुन्या माणसाचे कागद दोन्हीकडे विखुरलेले असू शकतात.

संच फोडू नकोस, आणि फुटलेला घेताना तरी विचार कर. पदकं एका लिलावात, वही दुसरीकडे, पत्रं टपालतिकिटं जमवणाऱ्याकडे, असं सर्रास होतं. पैठणीचा काठ कापून वेगळा विकावा, तसला प्रकार. काठाला गिऱ्हाईक मिळतं, पण दोन्हीची रया जाते. फुटलेल्यातलं एखादं मिळालंच, तर बाकीचं कुठे गेलं याची टिपणं ठेव. कधी ना कधी ते परत बाजारात येतं.

सांभाळायचं कसं, तर अगदी कमी हात लावून. पदकं ब्रासोनं घासायची नाहीत. मळलेली फीत बदलायची नाही. कागद लॅमिनेट करणं, सेलोटेप लावणं, स्टेपल मारणं, सगळं बंद. पीव्हीसीची चकचकीत पाकिटं कागदाला खातात. पॉलिएस्टरची किंवा आम्लरहित कागदाची घे. टिपण लिहायचं ते पेन्सिलीनं, आणि तेही पाकिटावर. पुण्याला आईकडे काही पाठवणार असशील तर पावसाळ्याचा विचार कर. कपाटातली दमट हवा आणि कसर या दोघांना जुना कागद फार आवडतो. आणि हो, प्रत्येक वस्तू कुठून, कधी, कितीला घेतली, त्याची पावती तिच्याजवळच ठेव.

आता जरा नाजूक बोलते. पत्रं वाचशील तेव्हा त्यात फक्त युद्ध नसणार. मुलगी लग्नाला तयार आहे की नाही, बापाचं पिणं, भावाची उधारी, असलंही निघतं. ते आपल्या हौसेपोटी चारचौघांत मांडायचं नाही. घरचं कुणी शोधत तुझ्यापर्यंत आलं, तर सगळ्याचे स्कॅन त्यांना दे, पैसे न घेता. मूळ वस्तू द्यायची की नाही ते तू ठरव, पण ‘मी विकत घेतलंय’ हे वाक्य त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. कुठल्या तरी पिढीला भाड्याचे पैसे हवे होते म्हणून त्यांनी ते विकलं असेल. उलट, आपण होऊन त्यांच्या दारात जाऊन उभंही राहायचं नाही. एक साधं पत्र टाकायचं, उत्तर नाही आलं तर विषय संपला.

हॅम्पशायरमध्ये ली-ऑन-द-सोलंटला समुद्राकाठी एक स्मारक आहे, कधी गेलीस तर बघ. फ्लीट एअर आर्मच्या, कबर नसलेल्या १९२५ माणसांची नावं तिथे कोरली आहेत. ज्याचे कागद तुझ्याकडे येतील, त्याचं नाव तिथे असेल तर फोटो काढून संचात ठेव.

शेवटचं म्हणजे वारसाचं बघ. आपल्या घरात याची आवड तुझ्याशिवाय कुणाला नाही, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. उद्या तुझ्यामागे भाचरं ते खोकं भंगारात देतील आणि त्यांचा काही दोषही नसेल. म्हणून प्रत्येक संचासोबत एक पान लिही, हा कोण, हे कशावरून सिद्ध होतं, आणि कुठे द्यायचं. सॉमरसेटमध्ये येओव्हिल्टनला फ्लीट एअर आर्मचं संग्रहालय आहे, त्यांच्याशी आधी पत्रव्यवहार कर. संग्रहालयं सगळंच घेत नाहीत, पण नीट पडताळलेले कागद असले की दार उघडायची शक्यता वाढते. आणि इच्छापत्रात एक ओळ घाल. वकील हसला तर हसू दे.

आता त्या लिलाववाल्यांना ईमेल कर. खोकी आहे का, वही आहे का, सांत्वनाची चिठ्ठी आहे का, आणि माणसाचं पूर्ण नाव, नंबर काय, हे विचार. उत्तर आलं की मला पाठव, आपण दोघी मिळून बघू. टाळाटाळ केली तर ते पैसे ठेव बाजूला. पुढच्या महिन्यात दुसरा लिलाव आहेच.