तारेतून वाहते किती?

'नेट स्लो आहे' असे आपण सारेच म्हणतो. मोजत मात्र कोणी नाही. घरी अर्ज भरून देणारे कोणी नाही, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज मी संगणक-कक्षात भरतो. तो दोनदा अडकला, तेव्हा 'आयपर्फ-३' चालवून पाहिले. एका संगणकावर आज्ञेपुढे '-एस' लिहून तो ऐकत ठेवायचा. दुसऱ्यावर '-सी' व पहिल्याचा पत्ता. १० सेकंद दोघांत नुसती माहिती वाहते. इंटरनेटचा संबंधच नाही.

आकडा आला सेकंदाला ९४ मेगाबिट. (बाइट हवे तर ८ ने भागावे, मी आधी चुकलो होतो.) यंत्रे तर १००० ची! त्या वेगाला केबलमधील चारही जोड्या लागतात. एक तुटली की वेग १०० वर येऊ शकतो. केबल बदलताच ९४० आले. अर्ज तरीही अडकला. त्याला ९४ सुद्धा पुष्कळ होते. दोष कक्षाबाहेर कुठेतरी आहे. दोन्ही आकडे लिहून सरांकडे दिले आहेत.