नैराश्यावरील नवा उपचार : केटामाईन आणि मानसोपचार

नागपूर येथील प्रादेशिक मनोरुग्णालयाची स्थापना १८६४ साली झाली. मनोरुग्णास समाजापासून दूर ठेवणे हाच त्या काळी मुख्य उपाय समजला जात असे. विसाव्या शतकात विद्युत उपचार आले, १९५० नंतर परिणामकारक औषधे आली आणि बहुसंख्य रुग्णांना घरी राहून बरे होणे शक्य झाले. तथापि, नैराश्याच्या विकाराने ग्रस्त असलेल्या काही रुग्णांना दोन निरनिराळी औषधे योग्य मात्रेत व पुरेसा काळ देऊनही उतार पडत नाही. अशा रुग्णांसाठी केटामाईन या औषधाचा, आणि त्यास जोडून समुपदेशनाचा, उपयोग कितपत होतो याचा अभ्यास आज जगभर चालू आहे. याविषयी अवास्तव आशा व अनाठायी भीती या दोहोंपासून दूर राहण्यासाठी त्याची वस्तुस्थिती जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

भुलीचे औषध

केटामाईन हे मूलतः भूल देण्याचे औषध होय. अमेरिकेतील पार्क-डेव्हिस या कंपनीसाठी काम करणाऱ्या काल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये ते तयार केले. १९७० मध्ये तेथे त्यास मान्यता मिळाली. या औषधाने श्वसन व रक्तदाब सहसा मंदावत नाहीत. त्यामुळे भुलीची यंत्रसामग्री नसलेल्या लहान रुग्णालयांतही ते वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला आहे.

नैराश्यावरील त्याचा परिणाम प्रथम लक्षात आला तो अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या लहानशा प्रयोगात. त्यानंतर २००६ मध्ये तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, इतर औषधांना दाद न देणाऱ्या १८ रुग्णांवर प्रयोग केला. शिरेवाटे दिलेल्या अल्प मात्रेनंतर दोन तासांच्या आतच सुधारणा दिसू लागली. मात्र सुमारे एक-तृतीयांश रुग्णांतच ती आठवडाभर टिकली. नेहमीच्या गोळ्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. आत्महत्येचे विचार मनात घोळत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे आठवडेच धोक्याचे असतात. केटामाईनचे महत्त्व या शीघ्र परिणामात आहे. मेंदूतील ग्लुटामेट या संदेशवाहक द्रव्याच्या कार्यावर ते परिणाम करते आणि चेतापेशींमधील दुवे पुन्हा जुळण्यास मदत करते, असे शास्त्रज्ञ मानतात. याच औषधाचे एस्केटामाईन हे रूप नाकातील फवाऱ्याच्या स्वरूपात अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्य झाले.

समुपदेशनाची जोड

औषधाचा प्रभाव थोडे दिवस टिकतो. त्या अवधीत रुग्णाचे मन काहीसे मोकळे व ग्रहणशील होते, असे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे मत आहे. म्हणून उपचाराचे तीन टप्पे केले जातात. प्रथम रुग्णाची तपासणी व मनाची तयारी. नंतर देखरेखीखाली औषध. आणि पुढील बैठकांत, आलेल्या अनुभवाचा दैनंदिन जीवनाशी मेळ घालणे. रशियातील एव्हगेनी क्रुपित्स्की यांनी मद्यासक्त रुग्णांवर असे प्रयोग १९८० च्या दशकातच सुरू केले होते. समुपदेशनामुळे नेमका किती अधिक लाभ होतो, याचा पुरावा मात्र अद्याप अपुरा आहे.

दक्षतेची आवश्यकता

औषध दिल्यानंतर काही काळ रुग्णास आपण शरीरापासून वेगळे झाल्याचा भास होतो. रक्तदाब वाढतो व मळमळ होते. अनियंत्रित रक्तदाब, भ्रमविकार किंवा व्यसनाचा पूर्वेतिहास असलेल्यांस त्यापासून धोका संभवतो. दीर्घकाळ गैरवापर केल्यास व्यसन जडते आणि मूत्राशयास कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच भारतात २०११ मध्ये केटामाईनचा समावेश मनःप्रभावी पदार्थांत करण्यात आला आणि २०१३ मध्ये ते औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत आले. या अनुसूचीतील औषधासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते व विक्रेत्यास तिची एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. घरी बसून, किंवा जाहिरात वाचून घेण्याचे हे औषध नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाचा निर्णय, प्राणवायू व तातडीच्या उपचारांची सोय आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती या गोष्टी अनिवार्य होत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदाही रुग्णाच्या अशा संमतीस महत्त्व देतो.

पहिली पायरी कोणती?

विदर्भाच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न पहिल्या उपचाराचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांस कोणताच उपचार मिळत नव्हता. नेहमीची औषधेच ज्याच्यापर्यंत पोहोचली नाहीत, त्याचे नैराश्य 'दाद न देणारे' ठरविता येत नाही. हे चित्र पालटू शकते, हे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' प्रकल्पाने दाखवून दिले. गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या साहाय्याने तेथे नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पातही आशा कार्यकर्त्यांवर अशा व्यक्ती शोधण्याची जबाबदारी सोपविण्यात आली.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामसेवक यांचे कार्य येथूनच सुरू होते. कामावरील लक्ष उडालेला, झोप हरपलेला, 'जगून काय उपयोग' असे बोलणारा माणूस गावात प्रथम त्यांनाच दिसतो. त्यास दोष न देता त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एकटे सोडू नये, व कुटुंबीयांसमवेत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिणे हे आजच करता येण्यासारखे काम आहे. केटामाईनसारखा उपचार कोणाला आवश्यक आहे, हे तज्ज्ञ ठरवितील. परंतु रुग्ण तज्ज्ञापर्यंत वेळेवर पोहोचणे हे गावाच्या हाती आहे.