अन्ननलिकेची शस्त्रक्रिया

घास गिळणे ही किती सहज क्रिया! परंतु अन्ननलिकेत अर्बुद, म्हणजे गाठ, वाढू लागली की प्रथम पोळी, मग भात आणि अखेर पाणीही अडते.

जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढण्यात १८८१ साली व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांना यश आले. तथापि रोग उलटून ती रुग्णा काही महिन्यांतच दगावली. १९१३ साली न्यूयॉर्क येथे फ्रान्झ टोरेक यांनी छातीतील अन्ननलिका काढली. त्यांची रुग्णा रबरी नळीतून अन्न घेत पुढे अनेक वर्षे जगली.

आज शल्यविशारद बहुधा जठराचीच नळी करून ती वर ओढतात व अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकास जोडतात. खरा धोका या जोडाशी असतो. अन्ननलिकेस जठरासारखे बाह्य आवरण नसते आणि ओढलेल्या टोकास रक्तही कमी पोचते. म्हणून जोड पाझरू शकतो. न्यूमोनियाचेही भय असते. संपूर्ण जठर काढलेल्यास थोडे थोडे, पुष्कळदा खावे लागते व ब-१२ जीवनसत्त्व जन्मभर बाहेरून घ्यावे लागते.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव परळच्या रस्त्यास दिलेले पाहून आम्हां कोकणी भाषकांना धन्यता वाटते. आता आमच्या अयोध्या नगरवासीयांसाठी भोपाळातच जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय आहे. मात्र शस्त्र कितीही कुशल असो, उशिरा आलेल्या रुग्णापुढे त्याचे फारसे चालत नाही. म्हणून तंबाखूस शिवू नका. आणि घरी आजोबांचा घास वारंवार अडू लागला, तर तो वार्धक्याचा दोष न समजता त्यांना वैद्याकडे न्या.