घन आधारावर बसविलेले बुरशीचे एंझाइम

झाशीच्या सदर बाजारातील हलवाई जिलबीचे आंबलेले पीठ थोडेसे राखून ठेवतो व दुसऱ्या दिवशी नव्या पिठात मिसळतो. त्यातील यीस्ट व जीवाणू सजीव असल्याने वाढतात आणि काम भागते. एंझाइमाची गोष्ट निराळी आहे. ते सजीव पेशीने निर्माण केलेले प्रथिन होय. स्वतः ते वाढत नाही. रासायनिक क्रिया घडवून आणताना ते खर्ची पडत नाही हे खरे. परंतु द्रावणात विरघळलेले एंझाइम मालापासून वेगळे काढणे इतके जिकिरीचे असते, की कारखान्यात बहुधा उष्णता देऊन ते नष्ट करतात. कामास समर्थ असलेला कारागीर एका दिवसानंतर दवडावा, तसाच हा प्रकार आहे.

यास्तव एंझाइम अविद्राव्य अशा घन पदार्थावर बसविण्याची कल्पना पुढे आली. यीस्टमधील इन्व्हर्टेज कोळशाला चिकटल्यावरही उसाच्या साखरेचे विघटन करीत राहते, असे नेल्सन व ग्रिफिन यांना १९१६ साली अमेरिकेत आढळून आले. तथापि पुढे कित्येक वर्षे या निरीक्षणाचा उद्योगास उपयोग झाला नाही. नुसते चिकटलेले एंझाइम सहज सुटून वाहून जाते. उलट रासायनिक बंधाने घट्ट जखडल्यास, ज्या जागी क्रिया घडते तीच जागा बंद होण्याचा धोका असतो. आधाराची निवड म्हणूनच नाजूक असते.

जपानमधील तानाबे सेइयाकु कंपनीत इचिरो चिबाता व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली मधला मार्ग यशस्वी करून दाखविला. साके व सोया सॉस यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीपासून मिळणारे अ‍ॅमिनोअ‍ॅसिलेज त्यांनी विद्युत्भारित डेक्स्ट्रानाच्या कणांवर बसविले व ते कण उभ्या नळीत भरले. कृत्रिम रीतीने बनविलेल्या अ‍ॅमिनो अम्लात उजवे व डावे अशी परस्परांची आरशातील प्रतिमा असणारी दोन रूपे मिसळलेली असतात. शरीरास मुख्यतः डावे उपयोगी. अ‍ॅसिटिल गट जोडलेले असे मिश्रण नळीतून सोडले असता एंझाइम तो गट केवळ डाव्या रूपावरून काढून टाकते, त्यामुळे ते वेगळे करता येते. उरलेल्या उजव्या रूपाचे पुन्हा मिश्रण करून ते नळीत परत सोडतात. काही आठवड्यांनी क्रिया मंदावली की नळीत ताजे एंझाइम ओतावयाचे. आधार तोच राहतो. उत्पादनखर्चात सुमारे ४० टक्के बचत झाली.

मग स्टार्चचे ग्लुकोज करणारे, अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीचे ग्लुकोअ‍ॅमिलेजही असेच का बसवू नये? प्रयत्न पुष्कळ झाले. पण स्टार्चच्या तुकड्यांचे मोठे रेणू आधाराच्या छिद्रांत सावकाश शिरतात, आणि आत साचलेल्या ग्लुकोजचे रेणू पुन्हा एकमेकांस जोडले जाऊन उतारा घटतो. शिवाय हे एंझाइम स्वस्त आहे. त्यामुळे कारखान्यांत ते आजही बहुधा विरघळलेल्या स्वरूपातच वापरतात. पुढच्या टप्प्यावर ग्लुकोजचे फ्रुक्टोज करणारे जीवाणूंचे एंझाइम मात्र घन आधारावर बसविलेले असते. ते महाग असते, आणि ग्लुकोजचा रेणू लहान असल्याने छिद्रांतून सहज जातो-येतो.