रेंज तुटते तिथला अभ्यासक्रम

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यातल्या शिक्षकांसाठी एका संस्थेने ऑनलाइन अभ्यासक्रम काढला होता. पहिल्या महिन्यातच मंडळी गळू लागली, तेव्हा मला बोलावणं आलं. ‘त्यांना शिकायचंच नाही,’ असं संस्थेत सगळ्यांचं ठाम मत झालेलं होतं. म्हणून मी त्या शिक्षकांपैकी एका बाईंचा स्वाध्याय शेजारी उभं राहून पाहिला. दिवसभराची शाळा उरकून त्यांनी फोनवर उत्तरं टाइप केली, रेंज मिळते त्या टेकाडावर चढून ‘सबमिट’ दाबलं. चक्र फिरत राहिलं आणि थोड्या वेळाने लॉगिनचं पान पुन्हा समोर आलं. उत्तरं पुसली गेली होती. बाई काही बोलल्या नाहीत. वहीत कच्चं लिहून ठेवलेलं होतं, त्यावरून त्यांनी पुन्हा टाइप करायला घेतलं. शिकायचं नसलेलं माणूस इतकं सोसत नाही.

अशा भागासाठी अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मंद नेटपेक्षा तुटणाऱ्या नेटची धास्ती जास्त घ्या. मंद नेट रात्रभर चालू ठेवलं तर काम होऊन जातं. तुटणाऱ्या नेटवर मात्र फाइल पुनःपुन्हा शून्यापासून उतरते आणि डेटा पॅक तेवढा संपतो. सर्व्हर असा निवडा की डाउनलोड जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होईल. मूडलचं मोबाइल ॲप वापरत असाल तर धडे आधी उतरवून ठेवता येतात. चाचणीही ऑफलाइन सोडवता येते, उत्तरं रेंज आली की जातात. पण ती सोय प्रत्येक चाचणीच्या सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावी लागते. हे बहुतेक जण विसरतात.

मग हिशेब मांडा, आणि तो चित्रीकरणाच्या आधी मांडा. 64 केबीपीएसची जोडणी सेकंदाला जेमतेम 8 किलोबाइट आणते. दहा मिनिटांच्या 90 एमबी व्हिडिओला तीन तासांहून जास्त लागतात. तेच दहा मिनिटांचं बोलणं 16 केबीपीएसच्या ऑडिओत सव्वा एमबीच्या आत बसतं आणि अडीच मिनिटांत उतरतं. युनिकोडमधलं पानभर मराठी पाच-सात किलोबाइटचं, सेकंदभराचं काम. त्याच पानाचा स्कॅन सहज शंभरपट जड होतो. व्याख्यात्याचा चेहरा दिसलाच पाहिजे, हा हट्ट मला कधीच पटला नाही. प्रयोग किंवा हाताचं कौशल्य दाखवायचं असेल तेवढ्यापुरताच व्हिडिओ ठेवा, आणि तो मेमरी कार्डात भरून द्या.

कार्ड, पेनड्राइव्ह, छापील पुस्तक यांना कमी लेखू नका. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं तेव्हा घरोघरी नेट कुठे होतं? स्वयंअध्ययनाची पुस्तकं, अभ्यासकेंद्रं आणि संपर्कसत्रं यांवरच त्याची उभारणी झाली. आजही मूळ अभ्यास हातातल्या पुस्तकात असावा आणि नेटवर फक्त स्वाध्याय, शंका आणि सूचना जाव्यात. एवढी वाहतूक कमकुवत रेंजलाही झेपते.

स्वाध्यायाची मुदत रविवारी रात्री बारापर्यंत ठेवू नका. त्या घटकेला सगळेच पाठवायला बसतात, आणि घरात एकच फोन असेल तर तो त्या वेळी भलत्याच्याच हातात असतो. आठवडाभराची खिडकी द्या. उत्तर पोहोचल्याचा साधा एसएमएस पाठवा. तो नसला की माणसं धास्तीने तीच फाइल चारदा पाठवतात.

अभ्यासक्रम खुला करण्याआधी एक स्वस्तातला फोन घ्या, नेटवर्क सेटिंगमध्ये 2जी निवडा आणि पहिला धडा स्वतः पूर्ण करा. उत्तर पाठवताना मध्येच विमान मोड लावा, दोन मिनिटांनी काढा. लिहिलेलं शाबूत राहिलं नाही तर प्रवेशाची तारीख पुढे ढकला, संस्थेत कोणी कितीही घाई केली तरी.